बेटावर आबांचं पान

मुरबाड,
१९ मे २००२

चि. साईनाथ यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र शहापूरला घरी पोचलं. दादाने ते आईला वाचून दाखवलं आणि मग माझ्याकडे पाठवून दिलं, कारण या घरात उत्तरं लिहायचं काम माझ्याच गळ्यात असतं. अनंतादादाला लिहायला बसवलं तर 'आम्ही मजेत, तुम्ही मजेत' याच्या पुढे त्याची गाडी सरकत नाही.

तीन वर्षं नोकरी पुरी झाली म्हणून तुमचे मालक घरच्या माणसांना चार रात्री पाहुण्यासारखं ठेवून घेणार, तेसुद्धा समुद्रावर बांधलेल्या त्या लाकडी खोल्यांमध्ये, हे ऐकून आईला आधी वाटलं तू चेष्टा करतोयस. तू पाठवलेला फोटो डोळ्यांपाशी नेऊन सारखी विचारते, खाली पाणी नि वर माणूस, मग रात्री पाणी वाढलं तर निजायचं कुठे? खाचरातल्या पाण्यापलीकडचं पाणी तिने बघितलंय कुठे? दादा तर आत्तापासून गावात नाक वर करून फिरतो. नम्रतावहिनी म्हणाली, परदेशी जाणाऱ्या माणसाने निदान गोठा झाडून जावं.

आता मुद्द्याचं. तुला एक गोष्ट मी कळवली नव्हती. मागच्या भाद्रपदात आबा गेले तेव्हा तुला रजा मिळाली नाही, तू तिकडे एकटा, म्हणून दिवस नीट पार पडले एवढंच लिहिलं. ते खरं नाही. दहाव्याला कावळा शिवला नाही. नदीवर पिंड ठेवला, समोरच्या करंजावर कावळे ओळीने बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. दादाने आईला सांभाळीन म्हणून कबूल केलं, शेजारच्या देवजीकाकांशी बांधावरून भांडणार नाही म्हणून कबूल केलं. देवजीकाकांनी आबांची बिडी पेटवून ठेवली. आईने तर पदर पसरला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

त्या दिवसापासून आई भात खात नाही. खरा कावळा शिवेपर्यंत खाणार नाही म्हणते. भात पिकवणाऱ्या घरात सहा-आठ महिने नुसत्या नाचणीच्या भाकरीवर ती काढतेय. तुझ्या बेटाचा फोटो आबा शेवटपर्यंत सदऱ्याच्या खिशात बाळगून होते. शहापूरच्या बाजारात दिसेल त्याला दाखवायचे, पोराच्या बेटावर एकदा जाऊन येणार म्हणायचे. आईचं म्हणणं, त्यांचा जीव तिथेच अडकलाय. म्हणून तिने ठरवलंय की यायचं ते वर्षाच्या तिथीलाच, भाद्रपद वद्य पंचमीला, आणि आबांचं पान तुझ्या बेटावर ठेवायचं. तेवढी तारीख साहेबाला सांगून पक्की कर. बाकी काही सोय बघायला नको, कावळा काय कुठेही असतो.

उन्हात उघड्या डोक्याने फिरू नकोस. माझी माया आहेच, पण उत्तर लवकर आलं की ती जरा जास्त असते हे ध्यानात ठेव.

तुझी,
अनिताताई

•

मालदीव,
११ जून २००२

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. घरी सगळ्यांना वाचता येईल असंच हे लिहितोय. आईला सांग, खोलीखालचं पाणी वाढलं तरी खोलीत येत नाही. बेट एवढंसं आहे की चुलीवर भाकरी टाकून फेरी मारायला निघालं तर भाकरी करपायच्या आत परत येता येतं. पाहुणे दिवसभर उन्हात पडून असतात. आपल्याकडे उन्हात पडलेल्या माणसाला तोंडावर पाणी मारून सावलीत नेतात, इथे त्याला सरबत नेऊन देतात. खोलीत पलंगावर फुलं पसरलेली असतात आणि टॉवेलचे दोन हंस करून ठेवतात. दादाला सांग, ते हंस अंग पुसायलाच आहेत, घाबरू नकोस.

सुकट-बोंबील आणू नका, समुद्र दारातच आहे. आईने जाड सपाता आणाव्यात, वाळूत पोवळ्याचे तुकडे फार टोचतात.

तारखेचं मात्र बघा. भाद्रपदात इकडे वारा असतो, बोट हलते, आईला सोसणार नाही. त्यापेक्षा आवणी उरकली, भात लावून झाला की लगेच या. पान घरीच ठेवा, नेहमीच्या जागी. इथे आपल्या धर्माचं काही उघड्यावर केलेलं चालत नाही, उगाच कुणी बोललं तर आईला वाईट वाटेल.

ताई, दहाव्याचं मला तेव्हाच का नाही कळवलंस? ते करंजावरचे कावळे किती वेळ बसले होते? ओरडत होते का गप्प होते? उडाले तेव्हा कुठल्या दिशेला गेले ते कुणी पाहिलं का?

दादाच्या ऋतिकला माझा पापा. तो आता बोलतो का? आईला म्हणावं, भात खा. माझ्यासाठी खा.

तुम्हा सगळ्यांच्या आठवणीत असलेला,
साईनाथ

•

मुरबाड,
१४ जुलै २००२

चि. साईनाथ यास,
अ. उ. आ.

आईचा आणि दादाचा पासपोर्ट आला. आईची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. ती म्हणाली, मोठ्या पुरात गुरं वाहून गेली त्याच्या दुसऱ्या साली. ऑफिसातल्या माणसाने पुराची तारीख मागितली तेव्हा तिने त्याला उलट विचारलं की तू शिकलेला आहेस, तुला नाही ठाऊक? शेवटी प्रतिज्ञापत्र केलं. फोटो काढताना फोटोवाला पदर मागे घ्या म्हणत होता. तिने एवढासा घेतला, आणि फोटोत ती अशी दिसते की जणू तिला कुणी चोरीच्या आळाखाली धरलंय. माझा पासपोर्ट पोलीस चौकशीत अडकलाय. माझं काही खरं नाही.

तुझा आवणीनंतरचा बेत आईने ऐकून घेतला आणि सोडून दिला. म्हणाली, "मी काय हवा खाया चालले नाय." पंचमी म्हणजे पंचमी. साईनाथ, तिच्याकडे बघवत नाही. यंदा आवणीला नको म्हटलं तरी चिखलात उतरली, आणि तिसऱ्या दिवशी बांधावर चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी पोटभर जेवा म्हणून सांगितलं तर त्यांच्यापुढे हसली. नम्रतावहिनी रोज तिच्या ताटात मूठभर भात वाढते आणि रोज तो कोंबड्यांना जातो.

आता तुझी खरडपट्टी. तू हंसाची गोष्ट लिहिलीस, सपातांची लिहिलीस. आईला काळजी एकाच गोष्टीची. परवा तिने मला विचारायला लावलं, तिथे कावळे आहेत ना? तुझ्या पत्रात त्याचं अक्षर नाही. उलट नदीवरचे कावळे कुठल्या दिशेला उडाले ते तू मला विचारतोस. तुझं काहीतरी आहे. लहानपणी मडकं फुटलं की तू असाच भलतंच काहीतरी बोलत बसायचास. घरी वाचून दाखवण्यासारखं नसेल तर शाळेच्या पत्त्यावर लिही. तिथे तुझं पत्र माझ्याशिवाय कुणी फोडत नाही.

रागावले असले तरी तुझीच,
अनिताताई

•

मालदीव,
३ ऑगस्ट २००२

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शाळेच्या पत्त्यावर लिहितोय. वाचून झालं की फाडून टाक.

मी बागकामात आहे असं सगळ्यांना सांगितलं. खातं बागेचंच आहे, पण मी झाडांना पाणी घालत नाही. मी कावळे मारतो.

आलो तेव्हा खरंच झावळ्या गोळा करायचं काम होतं. पहिल्याच महिन्यात एका पाहुण्याच्या पोराच्या हातातला पाव कावळ्याने पळवला. पोर रडायला लागलं. माझ्या हातात सुतळी होती. मी तिची गोफण केली, पोवळ्याचा तुकडा घातला आणि सोडली. कावळा पावासकट खाली आला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या भातावरची पाखरं हाकलायला आबांनी मला शेतातल्या माळ्यावर उभं करून गोफण शिकवली होती, तुला आठवत असेल. ते म्हणायचे, पाखराला लागता कामा नये, कानाजवळून गेली पाहिजे, त्यालाही खायचंय. एवढं ऐकून मी शिकलो, आणि इथे येऊन नेम धरला. का धरला ते अजून मला सांगता येत नाही. टाळ्या ऐकून बरं वाटलं, हे मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी साहेबाने मला पिंजरे दिले आणि छऱ्याची बंदूक दिली. पाहुण्यांना पहाटे कावळ्याचा आवाज नको असतो. ते एवढ्या लांबून स्वर्ग बघायला येतात आणि त्यांच्या स्वर्गात कावळा नाही. ते उठायच्या आत घरटी काढायची, अंडी फोडायची, पिंजऱ्यात सापडतील त्यांच्या माना मुरगळायच्या. इथल्या इतर पोरांना त्याचं काही नाही, त्यांच्या लेखी तो एक पक्षी. मला पहिल्या दिवशी जेवण गेलं नाही. मग जायला लागलं.

कावळे माणूस ओळखतात, ताई. टोपी बदलली, सदरा बदलला तरी ओळखतात. मी नुसता जेवायला निघालो तरी माडावरून एक ओरडतो आणि सगळे उडतात. बाकी कुणाला ते उडत नाहीत. तुझं मेमधलं पत्र वाचलं आणि माझ्या डोळ्यापुढे तो करंज आला. आबांच्या दहाव्याला मी इथे काय करत होतो ते मला पक्कं आठवतंय. वादळात पडलेल्या माडावरची घरटी साफ करत होतो. आपल्या नदीवरच्या कावळ्यांना इथलं कुणी सांगायला गेलं नसेल, एवढी अक्कल मला आहे. तरी पण रोज तेच मनात येतं, की बापाचा जीव माझ्यापायी अडकला.

आता बेटावर चार-पाचच उरलेत. सीझन सुरू व्हायच्या आत तेही संपवायचा हुकूम आहे. आई पान घेऊन येईल तेव्हा इथे एकही कावळा नसेल. तिला येऊ नको म्हणून कसं सांगू? आणि ये म्हणून तरी कसं सांगू?

तुझा अपराधी भाऊ,
साईनाथ

•

मुरबाड,
२० ऑगस्ट २००२

चि. साईनाथ यास,
अ. उ. आ.

पत्र मधल्या सुट्टीत वाचलं. पुढचा तास मला घेता आला नाही, मुलांना पाढे लिहायला बसवलं आणि खिडकीशी उभी राहिले. शाळेच्या कौलांवर दोन कावळे होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कावळ्याकडे बघायची लाज वाटली.

तुझ्यावर रागावले. आबांवर रागावले, गोफण शिकवली म्हणून. त्या पाव खाणाऱ्या पोरावरसुद्धा रागावले. मग कुणावर रागवायचं उरलं नाही. कावळ्याच्या शापाने गुरं मरत नाहीत असं आपण सहज म्हणून जातो. माणसाचं काय होतं ते त्या म्हणीत नाही. मी पोरांना विज्ञान शिकवते, कावळा भुकेला आणि धीट असला तर शिवतो, नसला तर शिवत नाही, हे मला कळतं. पण आईला ते सांगून तिच्या पोटात भात जाणार आहे का? तिच्या हाताची हाडं मोजता येतात. आणखी एक वर्ष ती काढेलसं मला वाटत नाही.

म्हणून ऐक. एक जोडी ठेव. कशी ठेवायची, साहेबाला काय सांगायचं, ते तुझं तू बघ. आजवर मारायची हुशारी दाखवलीस, आता राखायची दाखव. आईला मी काही सांगणार नाही, तूही सांगायचं नाहीस. दादाला तर मुळीच नाही, त्याच्या पोटात तीळ भिजत नाही.

तिकडे घरी तयारी जोरात आहे. आईने नवं लुगडं घेतलं. नम्रतावहिनीने तिला कमरेला बांधायची पिशवी शिवून दिली, तिच्यात आबांच्या खिशातला तो बेटाचा फोटो ठेवलाय. फोटो परत जागेवर नेऊन दाखवणार म्हणते. तांदूळ, उडीद, गूळ सगळं इथून येतंय, तिथल्या जिनसांवर तिचा भरवसा नाही. दादा विमानात खिडकी कुणाची यावरून आईशी आत्ताच भांडून बसलाय. मी येत नाही. पोलीस चौकशी अजून संपली नाही, आणि खरं सांगू, संपली असती तरी माझ्याने ते बघवलं नसतं.

फाडून टाक म्हणालास, फाडलं. माया फाडता येत नाही, नाहीतर आज तीही फाडली असती.

तुझी,
अनिताताई

•

मालदीव,
८ सप्टेंबर २००२

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एक जोडी आहे. बेटाच्या ज्या टोकाला कचरा जाळतात तिथे झुडपात राहते. पाहुणे तिकडे येत नाहीत. साहेबाने विचारलं, मी सगळे संपले म्हणून सांगितलं. रोज स्वयंपाकघरातला उरलेला भात तिथे नेऊन ठेवतो आणि मागे न बघता निघून येतो. मी लाँड्रीच्या भिंतीमागे गेलो की मगच ते उतरतात. भिंतीला एक फट आहे, तिच्यातून बघतो. आज तीन वर्षांनी मी कावळ्याला जेवताना बघितलं.

पान दादाने ठेवायचं असं आईला तूच सांग. थोरला तोच आहे. मी त्या वेळी ड्युटीवर असेन असं मी इथे सांगीन. मी समोर असलो तर ते येणार नाहीत.

आशीर्वाद असू दे. या वेळी तो नुसता लिहिण्यापुरता मागत नाही.

तुझा,
साईनाथ

•

मालदीव,
४ ऑक्टोबर २००२

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आई आणि दादा सुखरूप घरी पोचल्याचं कळलं. दादाने तुला सगळं सांगितलंच असेल, पण त्याला जे दिसलं नाही ते मी लिहितो.

बोट धक्क्याला लागली तेव्हा आमची पोरं नेहमीसारखी ओळीने उभी होती. माझ्या खोलीत राहणाऱ्या पोराने आईपुढे थंड टॉवेलचा ट्रे धरला. तिने तो टॉवेल आधी कपाळाला लावला, मग त्या पोरापुढे हात जोडले. त्यानेही जोडले. पाहुण्यांपैकी कुणी आजवर त्याला हात जोडले नव्हते. खोलीत आई पलंगावर बसलीसुद्धा नाही. जमिनीत एक काचेचा तुकडा बसवलाय, खालचे मासे दिसावेत म्हणून. तिने त्याच्यावर टॉवेल टाकला, खालून कुणी बघतंय म्हणाली, आणि बाजूला चटई टाकून निजली. पलंगावर दादा झोपला आणि सकाळी कंबर धरून उठला. मी हसलो. एवढं हसल्याला मला वर्ष झालं असेल.

तिने माझं काम दाखव म्हटलं. मी जास्वंदीचा ताटवा दाखवला, हा मी लावला म्हणून. तो एका श्रीलंकेच्या माणसाने लावलाय. आईने वाकून त्यातलं गवत उपटलं आणि म्हणाली, हात चांगला आहे तुझा, आबांवर गेला. 

पंचमीला केरळच्या आमच्या आचाऱ्याने तिला एक शेगडी मोकळी करून दिली. तिने वडे केले, खीर केली, भात केला, भोपळ्याची भाजी केली. दादाने कचऱ्याच्या टोकाला वाळूत केळीच्या पानावर सगळं वाढलं. मी ड्युटी सांगून लाँड्रीच्या भिंतीमागे उभा राहिलो. जोडी माडावर आली. दादाने हाका मारल्या. आईने तो फोटो पानाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "ओ, या की. पोराच्या घरी आलो आपण." खरंच एक कावळा वाळूवर उतरला, ताई. पानाच्या दिशेने उड्या मारत निघाला.

तेवढ्यात आईने मागे बघितलं आणि साया कुठाय म्हणून विचारलं. धाकट्याला बघितल्याबिगर ते जेवायचे नाहीत म्हणाली. दादा धावत आला आणि भिंतीमागे मला बघून त्याचा पारा चढला. बापाच्या पानाला यायला तुला वेळ नाही का म्हणून त्याने माझं मनगट धरलं. मी नको नको म्हणत होतो. त्याने ओढत मला भिंतीच्या पुढे आणलं.

कावळा असा ओरडला की दादाने माझा हात सोडला. दोघंही उडाले, समुद्रावर गेले, आणि माझ्या डोक्यावर येऊन येऊन ओरडायला लागले. मी बाजूला सरकलो की ते सरकायचे. दादा टाळ्या वाजवत होता, वारा आहे, वाऱ्याने बिथरले म्हणत होता. आईने आधी कावळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. जन्म शेतात गेलेल्या बाईला ते कळायला किती वेळ लागतो? तिने मला जा म्हणून सांगितलं नाही. नुसती मान वळवली. मी परत भिंतीमागे गेलो.

बऱ्याच वेळाने ते उतरले आणि पानाला शिवले. मी फटीतून बघितलं. दादा रडला. आईने उरलेल्या भाताची मूठ घेतली आणि तिथेच वाळूत बसून खाल्ली, भाजी नाही, काही नाही, नुसता भात. तुला जे हवं होतं ते झालं.

त्यानंतर तिने मला कामाचं काही विचारलं नाही. निघताना धक्क्यावर दादा बोटीत बसला तेव्हा तिने माझ्या गालांवरून हात फिरवले, आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, आणि हळूच म्हणाली, "माझ्या दहाव्याला तू नको येऊ रे, साया. मला अडकून राह्याचं नाय."

आणखी एक आहे. पंचमीचा तो आरडाओरडा पाहुण्यांच्या खोल्यांपर्यंत गेला होता. साहेबाने मला खोटारडा म्हटलं आणि आईची बोट दिसेनाशी झाल्यावर बंदूक हातात दिली. तो शेजारी उभा राहिला. मी दोघांनाही मारलं. ताई, आबांचं पान त्यांच्या पोटात होतं.



साईनाथ

•

मुरबाड,
२४ ऑगस्ट २००३

चि. साईनाथ यास,
अ. उ. आ.

तुझ्या ऑक्टोबरच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. किती वेळा बसले, पण सुचेना. नंतर तूही लिहिलं नाहीस. आता लिहिते ते बसून वाच.

आई गेली. श्रावणातच गेली, झोपेत. बेटावरून आल्यापासून ती दोन्ही वेळा पोटभर भात खायची, अंगाने जरा भरली होती. नम्रतावहिनीला त्या काचेतल्या माशांची गोष्ट सांगून हसवायची, ऋतिकला बोटीचा आवाज काढून दाखवायची. तुझ्या कामाबद्दल कुणी विचारलं तर जास्वंदी लावतो म्हणून सांगायची. मला एकटीला तिने बजावून ठेवलं होतं की सायाला कळवायचं ते दिवस झाल्यावर. म्हणून फोन केला नाही. दादा माझ्यावर चिडला, धाकट्याला आईच्या मरणाचं कळवत नाही ही कसली बहीण, असं चारचौघांत बोलला. 

दहाव्याला पिंड ठेवला त्याच जागी. करंजावर कावळे आले, आबांच्या वेळेसारखेच. उतरेनात. दादाने कबूल केलं, वहिनीने कबूल केलं, देवजीकाकांनी बांध सोडतो म्हणून सगळ्यांदेखत सांगितलं. मी मनातल्या मनात तुझ्या गुपिताची आण घेतली, कुणाला सांगणार नाही म्हणाले. कशाने काही होईना. भटजी दर्भ हातात घेऊन उभे राहिले. तेव्हा माझ्या मनात आलं, तू आला नाहीस, आईने सांगितलं तसंच झालं, तरी ही अडकलीच आहे ना?

मी भटजींना थांबवलं. पिंडाच्या पुढ्यात बसले आणि कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाले, "आये, साया घरी येईल. मी आणते त्याला." मी उठायच्या आत कावळा शिवला, साईनाथ. माझ्या पदराला त्याचा पंख लागला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल. मी मास्तरीण आहे, मला तसं म्हणता येतं. पण मला वाटतं, तोंडाने नको म्हणाली ती तुझ्यासाठी, आणि वाट बघत होती तीही तुझीच. ते काहीही असो. पिंडापुढे दिलेला शब्द आहे, आणि तो मी तुझ्या जीवावर दिलाय. तुला विचारायला वेळ नव्हता.

साहेबाला बंदूक परत दे आणि ये. विमान, बोट, जे मिळेल त्याने ये. आसनगाव स्टेशनला उतर, दादा घ्यायला येईल. त्याला मी काही सांगितलेलं नाही, सांगायचं की नाही ते तू ठरव. पहिले काही दिवस अंगणात उतरलास आणि कावळे उडाले तर उडू देत. रोज सकाळी भात ठेवत जा, ठेवून मागे न बघता ये, तुला ते येतं. कधीतरी उडायचे थांबतील. नाही थांबले तरी घर आपलंच आहे.

दसऱ्यापर्यंत भात निसवेल, लोंब्या बाहेर पडतील. पाखरं हाकलायला माळ्यावर माणूस लागतो, आणि दादाच्या गोफणीने आजवर त्याचंच कपाळ फुटलंय. आबांची गोफण ओटीवर खुंटीला आहे. तिच्या दोऱ्या मी काल बदलून ठेवल्या.

वाट बघणारी,
अनिताताई